कालचं जेवण आणि माझा हर्निया

डिमोना, १२ मार्च १९९८

तीर्थस्वरूप हानाताईस,

धाकट्या भावाचा शालोम आणि वाकून नमस्कार. पेताह तिक्वात तुझे गुडघे कसे आहेत? माझं बरं आहे, फक्त पोट पुढे चालतं आणि मी मागून येतो.

ताई, मी फार घाबरलो आहे. हर्निया वाढलाय. सर्जन म्हणतो, दहा किलो उतरव, मग ऑपरेशन. एवढ्या चरबीत भूल देणं धोक्याचं. नाही उतरवलं तर एखाद्या दिवशी आतडं अडकेल. (हे त्याने हसत सांगितलं.) तेव्हापासून मी शिंकायलाही भितो.

मग दवाखान्यातली आहारतज्ज्ञ नुरीत, तुझ्या नातीएवढी पोर, मिरियमला म्हणाली, "रक ओखेल काल." म्हणजे फक्त हलकं जेवण. पण तुझ्या भावजयीचा शेजारपाजार सगळा मराठी, तिला हिब्रू लागतं कशाला? ओखेल म्हणजे जेवण, एवढं तिला ठाऊक. 'काल' तिने आपला मराठीतला धरला. कालचं जेवण! शिळं खाऊन माणूस रोडावतो, असं इथं इस्राएलात शास्त्र असेल म्हणून तिने मान डोलावली. आता कालचं उरायला हवं तर आज जास्त रांधायला हवं. त्यामुळे शुक्रवारी नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण दुप्पट, आणि दुसऱ्या दिवशी ते असं मुरतं (तुला सांगायला नकोच) की भात पुरत नाही. महिन्याने काट्यावर उभा राहिलो, तर तीन किलो वाढलेले! नुरीतने मला उतरवून पुन्हा काट्यावर उभं केलं. मिरियम रडवेली होऊन म्हणाली, "अगं बाई, ताजा घास म्हणून दिला नाही यांना!" मराठीत म्हणाली, म्हणून निभावलं.

रोज सकाळी निश्चय करतो, दुपारपर्यंत काकडीवर राहतो. पण भीती वाटली की मला भूक लागते, आणि भीती तर दिवसभर वाटते. काय करू?

मिरियमचा नमस्कार. ती आत उद्यासाठी कालचं जेवण रांधते आहे.

तुझा,
एफ्राइम

ता. क. : 'काल' म्हणजे हलकं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीस वर्षं कारखान्यात हिब्रूतच काम केलंय मी. गप्प राहिलो, कारण दहा किलो उतरले की ते मला टेबलावर घेणार.

आणखी एक : मिरियमला फोन करून तूच खरं सांग, माझ्याच्याने होत नाही. आणि ऑपरेशनला ये. भूल देताना आकडे म्हणायला लावतात म्हणे. भीतीने माझी जीभ अडखळली, तर पुढचा आकडा मराठीत सांगणारं कुणीतरी हवं. दाराबाहेरून ओरडलीस तरी चालेल.