फळ्या नेणारे दातुक

पासिर पुतेह, ३ ऑगस्ट १९९१

चि. रोहायास तोककडून सलाम व अ. आ.

बाळे, तुझ्या साप्ताहिकात माझं पत्र छापून आलं. मशिदीपासून बाजारापर्यंत सगळ्यांना दाखवलं, मासेवालीला दोनदा. ‘आमचे दातुक पुलाच्या फळ्या घरी नेतात आणि विचारलं की घोरतात.’ मलाच हसू आलं. तुझे आजोबा म्हणतात, चारच तर नेल्या, बदकांनी काय चिखलात झोपायचं? त्यांचा खोकला बरा आहे. मासेवालीची सून पळून गेली होती, ती परत आली. तू नीट जेवत जा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली आजी,
तोक

क्वालालंपूर, ११ ऑगस्ट

ती. तोक यांस सलाम, वि. वि.

तुझ्या पत्राने आमची झोप उडाली. तू जावी लिपीत लिहितेस, तिच्यात लहान-मोठं अक्षर नसतं. आमच्या छापखान्यातल्या जुळाऱ्याने रोमन अक्षरांत उतरवताना ‘दातुक’चं पहिलं अक्षर मोठं केलं, आणि घरचे दातुक, म्हणजे आजोबा, एकदम सरकारी किताबवाले दातुक झाले. परवाना कचेरी विचारते, हे फळ्याचोर कोण? महिनाअखेर परवाना संपतोय. त्यांचं समाधान झालं नाही तर साप्ताहिक बंद. साहेब चौकशीला येतील. आजोबांना घरातच ठेव, आणि कृपा करून कमी बोल.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी रोहाया

पासिर पुतेह, २८ ऑगस्ट

चि. रोहायास अ. आ.

साहेब येऊन गेले. पोरगेलेसे, भुकेले. दातुक कोण म्हणाले. म्हटलं, हे काय, आरामखुर्चीत घोरताहेत. नवऱ्याचं नाव मी घरात घेत नाही, ते पेपरात घेऊ होय? नातवंडं म्हणतात तेच मी म्हणते. साहेबांनी बदकांचं खुराडं पाहिलं, तीनदा भात घेतला आणि परवाना देतो म्हणाले. फक्त त्या अंकाच्या उरलेल्या प्रतींत त्या शब्दावर काळी पट्टी मारा म्हणे.

ते तू केलंस, आणि पट्टी बघून तालुकाभर पत्र वाचलं गेलं. शुक्रवारी एक किताबवाले दातुक गाडीतून आले. हळूच विचारतात, पट्टीखाली मी तर नाही ना? मी अडाणी बाई, मला काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी पुलाला नव्या फळ्या. मग आणखी दोघे आले. एकाने पुलाला कठडा दिला, एकाने मशिदीला पंखे.

तुझे आजोबा मात्र फुगून बसलेत. म्हणतात, फळ्या मी नेल्या, आणि घाबरायचा मान त्या तिघांना.

उरलेली माया भेटीत,
तोक