बाबांनी एकदाच स्वतःसाठी वापरलेला शब्द

हाय गिल फार्म, स्वेलडेल
१९ एप्रिल १९८८

प्रिय माल्कम,

आज मंगळवार. सकाळी गवत गोठलं होतं, दुपारी ऊन पडलं. वरच्या कुरणात दोन मेंढ्या व्यायल्या. एका कोकराला आई घेत नाही, म्हणून ते स्वयंपाकघरात खोक्यात ठेवलंय.

रविवारी फोनवर तू म्हणालास, ऑफिसनं पार नॅकर्ड करून टाकलंय, दमून गेलोय. मला हसू आलं. बाबा असते तर म्हणाले असते, "बसून बसून? मग त्या खुर्चीला विचार, ती किती दमली." आपल्याकडे तो शब्द कामातून गेलेल्या वस्तूंचा. फाटक नॅकर्ड, ट्रॅक्टर नॅकर्ड, फार तर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय. माझ्या आईला तर तो घरात चालतच नसे. काम संपलेली, मेलेली घोडी गाडीत घालून न्यायचा तो माणूस नॅकर; त्याचं नाव जेवताना कशाला, म्हणायची. बाबा कितीही थकले तरी 'जरा बसतो', एवढंच.

म्हणून फेब्रुवारीत मेंढ्यांना वैरण टाकून ते बुटांसकट खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डोरीन, मी नॅकर्ड झालोय गं," तेव्हा मी हातातली किटली खाली ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर नवे, दक्षिणेकडचे. काय होतंय विचारलं, तर मी तोच शब्द सांगितला. ते प्रेमानं हसले. म्हणाले, या वयात, अशा थंडीत कोण नसतं? विश्रांती घेऊ द्या. त्यांच्याकडे तो शब्द लोक रोज उठून म्हणतात. त्यांना दोष देत नाही. मला दुसरा शब्द सुचला नाही, आणि बाबांनी त्यांना 'ठीक आहे' म्हणून सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ते गेले.

काल शेजारच्या रेमंडनं अंगणात विचारलं, कशी आहेस. मी 'बरी आहे' म्हणणार होते, पण तोंडून तोच शब्द गेला. त्यानं टोपी काढली. कुत्र्याला शीळ घातली आणि स्वतःच्या मेंढ्या सोडून आधी आपल्या बघायला वर गेला. आज उजाडताच पुन्हा हजर. "आत जा डोरीन, तुझ्यापुढं मेंढ्या मला जुमानत नाहीत," म्हणाला. मी गेले, आणि दुपारपर्यंत झोपले.

नोकरी सोडून शेत सांभाळायला येतो, असं तू लिहिलंस. येऊ नकोस, बाळा. झोपून उठल्यावर मी जमीनमालकाच्या माणसाला फोन केला; शरदात शेत सोडतेय. मेंढ्यांना हा डोंगर ठाऊक आहे, त्या इथंच राहतील. रेमंडची मुलगी आणि जावई शेत घेतील. मी खाली गावात, चॅपलजवळ एक घर बघितलंय. फोनवर हे सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास आणि मी 'बरी आहे' म्हणून मोकळी झाले असते. म्हणून लिहिलं. उन्हाळ्यात ये, पण नुसता राहायला. मी तुला कामाला लावणार नाही. कोकराची बाटली तशीच पडलीय, ती धुऊन दूध कोमट करते.

तुझीच,
आई