तीन लाख किलोमीटर चाललेली डिझेल गाडी व इतर किरकोळ मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा तराजू-काट्यांची दुरुस्ती, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत व पुढचे रस्त्यावर, बाजारात सगळे ज्याला ‘काटेवाले’ म्हणतात तो, देवाला साक्षी ठेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे. डोके ठिकाणावर आहे. याबाबत बायकोचे मत वेगळे आहे, पण ते इथे नोंदवण्याची गरज नाही.

मरणाची मला घाई नाही. गेल्या मंगळवारी एका धान्यवाल्याचा मोठा काटा जुळवून परत येत होतो, तेव्हा आमच्या गाडीचा आकडा तीन लाख किलोमीटरवर गेला. मी गाडी कडेला घेतली, त्या गोल गोल शून्यांकडे पाहिले आणि हात जोडले. मागचा ट्रकवाला ओरडला, “काय झालं, बंद पडली का?” मी म्हणालो, “नाही हो, पूर्ण झाली.” तो वेड्याकडे बघावे तसे बघून गेला. मला मात्र हसू आवरेना. गाडी सेकंडहँड, आणि मीही आता पहिल्या मालकाकडे परत जायच्या वाटेला लागलेला. दोघांत आधी कोण थांबेल, त्याचे त्यालाच ठाऊक. तेव्हा लिहून ठेवलेले बरे.

दुसरे कारण घरातले आहे. माझ्या एकुलत्या एका लेकीला आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी लागली आहे. केंद्र इथून छत्तीस किलोमीटरवर. ड्यूटी सकाळी सातला, आणि पहिली बस तिथे पोचते साडेआठला. शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, “बाबा, गाडी मला द्या. नाहीतर मला तिकडे खोली बघावी लागेल.” मी म्हणालो, “बघू.” माझ्या ‘बघू’चा अर्थ आमच्या घरात भांड्यांनासुद्धा माहीत आहे. ती हात धुवायला उठली. तिला हजर व्हायचे आहे ते उद्या, सोमवारी. म्हणून गाडीचा निकाल मी आज लेखी लावतो आहे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढच्या पायऱ्या आणि बाजूचे पत्र्याचे वर्कशॉप, हे सर्व माझ्या बायकोचे. खरे तर आजही तिचेच आहे, मी फक्त तिथे राहतो. न्हाणीघराचे दार पावसाळ्यात फुगते. ते मी बावीस वर्षे ‘उद्या तासतो’ म्हणत आलो आहे. हे काम अपुरे राहिल्याबद्दल मला क्षमा व्हावी.

कलम दुसरे. बँकेतले जे काही असेल ते तिचेच. किती आहे ते तिला माहीत आहे. मला विचारू नये, मी नसेनच.

कलम तिसरे. वर्कशॉपमधली सर्व हत्यारे, पितळी वजनांचे दोन्ही संच, बारीक कानसा, आणि काचेच्या पेटीतला सोनारी तराजू हे धाकट्या भावाला. तो आता बटणांचे, विजेवरचे काटे दुरुस्त करतो आणि माझ्या पितळी वजनांना ‘म्युझियम’ म्हणतो. म्हणू दे. पण त्याच्या बटणांच्या काट्याचे खरेखोटे करायला तो दर सहा महिन्यांनी गुपचूप ह्याच म्युझियममध्ये येतो, हे मी या कागदावर जाहीर करतो. एकच अट. वजने उघड्या हाताने उचलायची नाहीत. हाताचा घाम लागून वजन बदलते. माणसाने हात लावला की खरी वस्तूसुद्धा थोडी खोटी होते, असे आमचे वडील म्हणत. ते मापाबद्दल बोलत होते, पण मला ते पुष्कळ ठिकाणी लागू पडलेले दिसले.

कलम चौथे, साडूंबद्दल. हे लिहिताना पेन जड झाले आहे, तरी लिहितो.

सात वर्षांपूर्वी गाडी घेतली त्या दिवशी साडू माझ्या शेजारच्या सीटवर होते. त्याआधी माझा जन्म स्कूटरवर गेला होता. पंपावर साडू खिडकीतून म्हणाले, “होऊ दे फुल!” आणि टाकी फुल झाली, पेट्रोलने. डिझेल गाडीत पेट्रोल. दोनशे पावले जाऊन गाडी खोकली आणि भर चौकात बसली. मिस्त्रीने टाकी रिकामी करेपर्यंत मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितले होते की साडूंनी पेट्रोल भरायला लावले. तेव्हापासून त्यांना सासरी, माहेरी, लग्नामुंजीत ‘पेट्रोलवाले’ म्हणतात. माझी लेक त्यांना तोंडावर ‘पेट्रोलकाका’ म्हणते. ते बिचारे हसतात. त्यांना वाटते, खरेच आपण तसे म्हणालो असू.

ते फक्त ‘फुल’ म्हणाले होते, ‘पेट्रोल’ म्हणाले नव्हते. सवयीने स्कूटरच्या रांगेत गाडी मी घातली. पंपावरच्या माणसाने विचारले तेव्हा मान मी डोलावली. माझे सगळे लक्ष मशीनच्या आकड्यावर होते, की लिटर भरून पडतोय का कमी पडतोय. माप बरोबर आहे की नाही हे बघण्यात मी इतका गुंगलो, की मापात काय पडते आहे ते बघितलेच नाही. तीस वर्षे दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाची ही चूक आहे, आणि ती मी शेजारच्या सीटवर टाकली. साडू, तुम्हाला मी माझे मनगटी घड्याळ आणि हे कलम देतो. घड्याळ पाच मिनिटे मागे पडते. कलम सात वर्षे मागे पडले आहे. चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवावे, आणि पेट्रोलवाले हे नाव माझ्या फोटोखाली लिहावे.

कलम पाचवे, आणि मुख्य. माझी पांढरी डिझेल गाडी, तिच्या दोन्ही चाव्या, कागदपत्रे, जॅक, स्टेपनी आणि डिकीतले फावडे यांसह, माझ्या पश्चात माझ्या लेकीला मिळावी. जुनी डिझेल गाडी पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला जे कळायला मला सात वर्षे लागली, ते खाली लिहितो. बाळ, हे पाठ कर.

सकाळी चावी अर्धीच फिरव. समोर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागेल. आत इंजिन शेकते आहे, असे समज. तो विझेपर्यंत पुढे चावी फिरवायची नाही. मी तेवढ्यात देवाचे नाव घेतो. बरोबर एका श्वासात बसते. तू घे किंवा नको घेऊस, पण दिवा विझेपर्यंत थांब. माझे पुष्कळसे भजन-पूजन ह्याच सीटवर झाले आहे, हे तुझ्या आईला सांगू नकोस. (ती हे वाचणारच, तरी सांगू नकोस.)

ऑइल गाडी थंड असताना, सपाट जागी बघायचे. ते काळे दिसेल. घाबरू नकोस. डिझेलचे ऑइल नवे घातले तरी चार दिवसांत काळे होते, तो तिचा स्वभाव आहे. काळेपणा बघायचा नाही, पातळी बघायची. हे माणसांनाही चालते.

धूर मात्र वाचायला शीक. जोरात रेटल्यावर थोडा काळा आला तर हवेचा फिल्टर बघ. निळा आला तर ऑइल जळते आहे. थंडीत पांढरा आला तर दोन मिनिटांनी जातो. नाही गेला, आणि रेडिएटरमधले पाणीही कमी झाले, तर जागेवर थांब, फुशारकी मारू नकोस, मिस्त्रीला फोन कर.

टाकी तळाला जाऊ देऊ नकोस. तळाशी पाणी आणि गाळ बसतो, आणि डिझेलच्या इंजिनाला पाणी सोसत नाही. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून महिन्यातून एकदा पाणी काढ. टायमिंग बेल्टची तारीख मी दाराच्या आतल्या बाजूला लिहिली आहे. ती उलटू देऊ नकोस. तो पट्टा तुटला की सगळे इंजिन एका क्षणात आपापसात भांडते, आणि त्या भांडणात कोणीच वाचत नाही. चढावरून आल्यावर लगेच बंद करू नकोस, मिनिटभर तशीच चालू ठेव. धापा टाकणाऱ्याला कोणी लगेच झोप म्हणते का?

चुकून पेट्रोल पडलेच, तर चावी फिरवायचीच नाही. गाडी ढकलायची. आणि शेजारी बसलेल्याला दोष द्यायचा नाही.

पुढे कधी स्वतःच्या पैशाने जुनी गाडी घेशील, तेव्हा मालकाशी बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागले तर त्याने तू यायच्या आधीच ती चालू करून ठेवली आहे. थंड गाडी चालू होताना जे बोलते ते खरे. ही गाडी मी एका जनावरांच्या डॉक्टरांकडून घेतली. हात ठेवला, बॉनेट गार होते. डॉक्टर म्हणाले, “मी पण बैल घेताना सकाळी उपाशीपोटीच बघतो.” तिथेच सौदा झाला.

इथपर्यंत लिहून झाले, तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि उभ्याउभ्या वाचू लागली. चौथ्या कलमाला तिने माझ्याकडे असे बघितले की मी कप खाली ठेवला. “सात वर्षं! माझ्या बहिणीच्या नवऱ्याला! आणि मी सुद्धा हसायचे त्यांना!” पण ते भांडण तिने राखून ठेवले, कारण ती पाचव्या कलमाला पोचली होती.

“अहो, ‘माझ्या पश्चात’ म्हणजे?”

“म्हणजे मी गेल्यावर. कायद्यात तसंच लिहितात.”

“पोरीची ड्यूटी उद्या सातला आहे. मग काय, आज उरकताय?”

साक्षीदार म्हणून मी आमच्या मिस्त्रीला आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंना बोलावले होते. दोघे पायरीवर येऊन बसले होते. बाईंनी तोंडाला पदर लावला. मिस्त्री मात्र गडगडाटी हसला, “वहिनी, सोमवारची डेडलाइन आहे म्हणा की!”

मी म्हणालो, “हसू नका. छत्तीस किलोमीटर आहे. एकटी असेल. वाटेत गाडी अडली तर?”

“काटेवाले,” मिस्त्री म्हणाला, “अडली तर ती मला फोन करेल. तुम्ही पण तेच करता. सात वर्षांत तुम्ही स्वतः काय दुरुस्त केलंय? पुसलीय फक्त.”

लेक आत कपड्यांची बॅग भरत होती. खोली मिळेल की नाही याचा पत्ता नव्हता, तरी भरत होती. चेनचा आवाज बाहेरपर्यंत आला. आणि मला आमच्या वडिलांची सायकल आठवली. ते त्या सायकलला तराजू बांधून गावोगाव फिरत. मी मागितली की म्हणायचे, “माझ्यामागे तुझीच आहे.” ती माझी झाली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, टायर उन्हाने तडकले होते, आणि मला कुठे जायचेही राहिले नव्हते. मी तिच्यावर एकदाही बसलो नाही. वडिलांनी ती जिवापाड जपली. माझ्यासाठीच जपली असे त्यांना वाटले असेल. मलाही गेले तीन दिवस तसेच वाटत होते.

मी आत गेलो आणि चावी तिच्या बॅगेवर ठेवली.

ती म्हणाली, “बाबा, ‘बघू’चं काय झालं?”

“बघितलं,” मी म्हणालो.

ती चपला न घालता बाहेर धावली. तिची आई “अगं, थांब, मी पण!” म्हणत ओल्या हाताने तिच्यामागे. दोघी गाडीत बसल्या, गाडी फाटकाबाहेर गेली, वळणावर दोनदा हॉर्न वाजला, आणि तो कशासाठी ते मला अजून कळलेले नाही, कारण रस्त्यावर कुत्रेही नव्हते. मिस्त्री म्हणाला, “क्लच तुमच्यापेक्षा चांगला सोडते.” हे वाक्य साक्षीदाराच्या तोंडून आले असल्याने इथे नोंदवणे भाग आहे.

कलम सहावे व शेवटचे. कलम एक ते चार जसेच्या तसे कायम. कलम पाचमधले ‘माझ्या पश्चात’ हे शब्द खोडले असून त्या जागी ‘माझ्यादेखत’ असे वाचावे. खाडाखोड माझ्याच हातची आहे व तिच्याजवळ मी सही केली आहे. गाडी आजपासून मालमत्तेतून वजा. उद्यापासून मी कामाला बसने जाईन. वजने जड आहेत, तरी जाईन.

सही: काटेवाले
ठिकाण: आमच्या घराची पुढची पायरी
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळी साडेदहा

आम्ही खालील दोन साक्षीदार लिहून देतो, की वरील गृहस्थांनी आमच्यासमोर सही केली. सही करताना ते हसत होते आणि डोळेही पुसत होते, परंतु पूर्णपणे शुद्धीवर होते.

साक्षीदार १: मिस्त्री, डिझेल गॅरेज
साक्षीदार २: शेजारच्या बाई, मराठी शाळा, इयत्ता चौथी (शुद्धलेखन तपासले आहे)