वहीतली सरकलेली फीत

प्रिय आईला धाकटीचा सलाम.

मी मजेत आहे. तू दिलेल्या वहीत रोज पवित्र शास्त्रातलं एक वचन आणि त्यावर दोन ओळी लिहिते. आधी चार दिवससुद्धा टिकत नव्हतं. पण हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी नर्स वही चोरून वाचते, असा मला दाट संशय आला. वहीतली खुणेची फीत रोज सरकलेली असायची. तिला पकडायचंच, म्हणून चाळीस दिवस न चुकता लिहिलं!

तुझ्या छातीत दुखतं, हे दादाकडून कळलं, ते परवा वहीत लिहिलं आणि रडू आलं. काल वही उघडलीच नाही. आज पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "काल का नाही लिहिलंस? आईला लगेच तपासून घ्यायला सांग."

बघितलंस? चोर सापडला! पण ती हृदयविकाराच्या वॉर्डात काम करते, आई. 'मी बरी आहे' हे तुझं मला मुळीच पटत नाही. तिचं ऐक.

तुझी संशयी,
धाकटी