सुई शहाण्यांनाही टोचते

मी, मल्हार बाळासो पुकळे, वय वर्षे एकतीस, धंदा द्राक्षबागेची छाटणी, मूळ गाव बिरोबावस्ती, तालुका माण, जिल्हा सातारा, सध्या राहणार तासगाव, जिल्हा सांगली, आज शनिवारी सकाळी चहा पिऊन, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मागे लागणे दूरच, माझी पत्नी सौ. समीक्षा हिने दोन वेळा कागद काढून घेतला. तिचे म्हणणे, "आवं, हर्नियाचं आपरेशन हाय. लढाईवर चाललाय व्हय?" तिचे म्हणणे येथे नोंदवले आहे. मला ते मान्य नाही.

कारण असे की, येत्या सोमवारी, दिनांक ८ डिसेंबर रोजी, सांगली येथे माझे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणाले, साधे आहे, तिसऱ्या दिवशी घरी. मी विचारले, शंभरातले किती जण घरी जातात? डॉक्टर म्हणाले, "शंभरच्या शंभर. तुम्ही असेच प्रश्न विचारत राहिलात, तर तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सोडतो." तरीही लिहिलेले बरे. माझे शिक्षण नववी पास आणि दहावीचे तीन आठवडे एवढे आहे, त्यामुळे नमुना मोबाइलवर पाहिला आहे. नमुन्यात "स्थावर व जंगम" असे होते. माझ्याकडे दोन्ही थोडेच आहे, म्हणून वेगवेगळे न करता ओळीने लिहितो.

कलम १. घर. दोन खोल्या, वर पत्रा. हे घर माझ्या पश्चात समीक्षाचे. पश्चिमेकडच्या तिसऱ्या पत्र्याखाली पावसाळ्यात पातेले ठेवावे. स्टीलचे ठेवू नये, टपटप आवाजाने झोप लागत नाही. गॅसची टाकी झोपताना बंद आहे का, हे पाहावे. मी तीन वेळा पाहतो. समीक्षाने एकदा पाहिले तरी चालेल.

कलम २. मोटारसायकल आणि पोस्टातले पुस्तक, दोन्ही समीक्षाला. गाडी थंडीत लगेच सुरू होत नाही. तिला शिव्या देऊन उपयोग नाही, चोक ओढावा. समीक्षाने पुन्हा लग्न करायचे ठरवल्यास माझी हरकत नाही. एवढेच पाहावे, की त्या माणसाने लेकराला कशाची भीती घालू नये. हे मी मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ती कणीक मळत होती. म्हणाली, "आसलं मानूस कुठं मिळतंय, त्यो पत्ता बी लिवा." पत्ता माहीत नसल्याने लिहिलेला नाही.

कलम ३. छाटणीच्या दोन कात्र्या. एक साधी. दुसरी लाल मुठीची, सहा वर्षे वापरलेली, अजून एका दाबात काडी तोडते. लाल कात्रीवर आमच्या टोळीतला माझा जोडीदार नाथाजी याचा पहिल्यापासून डोळा आहे. पण नाथाजी या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे मला सांगण्यात आले आहे. हे ऐकून तो म्हणाला, "म्हंजे सही बी करायची आन् कात्री बी न्हाई? ह्यो कुटला न्याय रं गड्या?" म्हणून दोन्ही कात्र्या समीक्षाला. तिला छाटणी येत नाही. पुढे तिने लाल कात्री कोणाला द्यावी, याबद्दल मी काहीही लिहीत नाही. नाथाजीने तिच्याशी गोड बोलावे.

कलम ४. बॅटरी. चार्जिंगची मोठी बॅटरी माझे चुलते तात्या, म्हणजे श्री. भाऊसो पुकळे, यांना द्यावी. मी लहानपणी जेवताना हट्ट केला, की तात्या म्हणायचे, "हिरीत केसाळ हात हाय. हट्टी पोरांस्नी वडतोय." मी अजूनही विहिरीत वाकून बघत नाही. बागेवरची मोटर सुरू झाली का, हे बघायला नाथाजी जातो आणि त्याबद्दल वर्षभर बोलतो. तात्यांनी ही बॅटरी घेऊन एकदा स्वतः विहिरीत पाहावे आणि हात दिसला नाही, तर तसे गावात सांगावे.

कलम ५. घोंगडी. काळी, कडेला पांढरी रेघ. ही आण्णांची, म्हणजे माझे वडील श्री. बाळासो पुकळे यांची. मेंढरे विकली, तेव्हा त्यांनी ती मला दिली. आण्णा दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कृष्णाकाठाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. जाताना ही घोंगडी खांद्यावर असायची. मागे माझी आई हरणाबाई आम्हा तीन पोरांना एकटीने सांभाळायची. मी पाच-सहा वर्षांचा असताना भाकरी नको म्हणून ताट सरकवले, तेव्हा आई म्हणाली, "आसं करतोस म्हनून तर आण्णा ग्येलं." मी ताट परत ओढले. वाक्य लागू पडले, म्हणून तिने ते पुढेही वापरले.

मग मी दिवाळी जवळ आली की शहाण्यासारखा वागायचो. चपला ओळीत लावायच्या. घागर न सांडता आणायची. धाकट्याला मारायचे नाही. तरी आण्णा जायचेच. तेव्हा मला वाटायचे, आपले काहीतरी राहून गेले. काय राहिले, ते शोधायची सवय मला तेव्हापासून आहे. आईवर माझा राग नाही. तीन पोरे, एक चूल आणि सहा-सात महिने एकटी. तिला कामाला येणारे एक वाक्य सापडले होते. सदर घोंगडी मुलगी माया हिला द्यावी, पण वाक्य देऊ नये.

कलम ६. मुलगी माया, वय चार वर्षे आठ महिने. चिंचलीच्या मायाक्कादेवीला नवस होता, म्हणून हे नाव. तिचा सांभाळ अर्थातच समीक्षा करील. हे कलम त्यासाठी नाही, पुढील कारणासाठी लिहिले आहे.

माया जेवताना छळते. गेल्या वर्षी एका दुपारी मी म्हणालो, "खा, न्हाईतर डॉक्टर सुई टोचत्यात." तिने ताट चाटून पुसून संपवले. मला वाटले, सापडले. पुढे वेणी घालताना सुई, नखे काढताना सुई, चिखलातून उठवताना सुई. समीक्षा एकदा म्हणाली, "एकच सुई किती ठिकानी वापरताय? डॉक्टर बी नवी घेत्यात." मी ऐकले नाही.

या ऑगस्टमध्ये बागेतली गंजलेली तार मायाच्या पायात गेली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागले. तिला धरायला तिघे लागले. परत येताना गाडीवर तिचे रडणे थांबेना, तेव्हा मी म्हणालो, "आता हितनं फुडं तुझ्या समद्या सुया मी घेतो. तू गप." ती गप्प झाली. हे आपल्या हातून फार चांगले झाले, असे मला घरी येईपर्यंत वाटत होते. घरी आल्यावरही वाटत होते.

गेल्या रविवारी मी ऑपरेशनचे घरात सांगितले. माया म्हणाली, "पप्पा, तुला सुई टोचनार?"

"व्हय."

"काय केलंस तू?"

"काय न्हाई केलं."

ती मग उठून बाहेर गेली.

सोमवारपासून माया सुधारली. दोडका खाल्ला. वेणीसाठी आपण होऊन फणी आणली. दाराबाहेरच्या चपला ओळीत लावल्या, माझ्यासुद्धा. मी समीक्षाला म्हणालो, "बघ, पोरगी शानी झाली." ओळीत लावलेल्या चपला पाहून निदान मला तरी कळायला हवे होते. कळले नाही, हे लिहून देतो.

गुरुवारी मी तिला आणायला गेलो, तेव्हा अंगणवाडीच्या सेविका अंजनाबाई दारातच थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मल्हारराव, तुमच्या पोरीनं भिताडाकडंला खडं मांडल्यात. कुनाला हात लावू देत न्हाई. काय म्हनती ते तुमीच इचारा."

भिंतीशी अकरा खडे ओळीत होते. मी विचारले, हे काय?

माया म्हणाली, "तुझ्या सुया."

गेल्या सोमवारी ते सतरा होते. मी तिला आजवर ज्या ज्या सुया सांगितल्या, त्यांतल्या तिला आठवल्या तेवढ्या तिने मांडल्या होत्या. दूध सांडले तेव्हाची एक. भाऊसो तात्यांना टकल्या म्हणाली तेव्हाची एक. त्या सगळ्या तिच्या होत्या, पण मी घेतो म्हणालो होतो. आता त्या सगळ्या येत्या सोमवारी मला एकदम टोचणार होत्या. म्हणून एक गोष्ट शहाण्यासारखी केली, की ती एक खडा काढत होती. दोडक्याचा एक, वेणीचा एक, चपलांचा एक. "अकरा ऱ्हायल्यात," ती म्हणाली, "आन् सोमवार आलाय."

अंजनाबाई म्हणाल्या, "पाच वर्साचं पोरगं सतरापतूर बरोबर मोजतंय, म्हनून मी आधी खूश झाले वं."

त्या दिवशी मी गाडी ढकलत घरी आणली. गाडीत बिघाड नव्हता. घरी येऊन आण्णांना फोन लावला आणि कलम ५ मधली हकिकत पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना सांगितली. पलीकडे आण्णांनी आधी शेळ्या दाराबाहेर हुसकावल्या. मग आण्णा म्हणाले, "आरं खुळ्या, हितं गवात नसायचं म्हनून जात हुतो. तुझ्यामुळं कशाला जाईन? तुझ्यामुळं तर माघारी येत हुतो." मग म्हणाले, "तुझ्या आयला फोन देऊ का?" मी म्हणालो, नको, तिला काही बोलू नका. आई शेजारीच होती. तिने ऐकले होतेच. म्हणाली, "मला वाटायचं, ह्ये पोरगं जात्याच शानं हाय."

काल शुक्रवारी मी मायाला समोर बसवून खरे सांगितले. सुई शिक्षा म्हणून टोचत नाहीत. पप्पाच्या पोटात भोक पडले आहे. बेदाण्याच्या जड पेट्या उचलून ते पडले. डॉक्टर ते शिवणार आहेत. शिवताना दुखू नये म्हणून सुई. यात तू काही केलेले नाहीस.

ती म्हणाली, "शान्या मानसाला बी टोचत्यात?"

"व्हय. आजारी आसला तर शान्याला बी टोचत्यात."

"आन् द्वाड आसला तर?"

"आजारी नसला तर न्हाई टोचत."

ती म्हणाली, "मग मी दोडका का खाल्ला?"

 समीक्षा आतून म्हणाली, "द्या की उत्तर. आता रोज तुमीच भरवा."

कलम ७. मी परत न आल्यास. मायाला त्याच दिवशी, तिच्या आईने, जवळ घेऊन सांगावे, की पप्पा आजारी होता, डॉक्टरांना जमले तेवढे त्यांनी केले, आणि यात तुझे, तुझ्या चपलांचे किंवा दोडक्याचे काहीही नाही. हे तिने विचारले नाही तरी सांगावे. मी कधी विचारले नव्हते. "रडू नको, पप्पाला त्रास होतोय" असे कोणीही म्हणू नये. रडू द्यावे. चुलत्यांनी विहिरीचे नाव काढू नये.

जेवत नसल्यास ताट झाकून ठेवावे आणि गप्प बसावे. भूक लागते. काल रात्री मी घड्याळ लावून पाहिले, एक तास दहा मिनिटे लागली. तेवढा वेळ समीक्षाला जमेल. मला फार जड गेला. एक वाक्य सारखे तोंडात येत होते. मी पाणी पीत राहिलो.

मी परत आल्यास हा कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवावा आणि मी पुन्हा सुईचे नाव काढले, तर समीक्षाने कलम ६ मोठ्याने वाचावे. नाथाजी घरी असताना वाचले तरी चालेल.

कलम ८. हे कलम आज दुपारी वाढवले आहे. मी अंगणवाडीपाशी जाऊन भिंतीकडे पाहिले, तर खडे नव्हते. मागच्या पायरीवर माया आणि दुसरी एक मुलगी त्यांतले पाच खडे घेऊन सागरगोट्यांसारखे झेलत होत्या. बाकीचे सहा मायाने कोंबडीला मारले, असे चौकशीअंती कळले. त्याबद्दल मी तिला रागावलो. फक्त रागावलो, दुसरे काही म्हणालो नाही. ती म्हणाली, "बरं." थोड्या वेळाने गाडीवर मागून विचारले, "पप्पा, सोमवारी तुला दुखंल?"

मी म्हणालो, "जरासं."

ती म्हणाली, "मग आर्दी मी घेते."

सदर वचन अज्ञान मुलीने दिलेले असल्याने, आणि या घरात कोणाची सुई कोणी घ्यायची नाही असे ठरले असल्याने, ते या मृत्युपत्राने रद्द करण्यात येत आहे. परंतु ते मिळाले होते, याची नोंद असावी.

येणेप्रमाणे वाचून, दोनदा तपासून, तिसऱ्यांदा न तपासता सही करतो.

मल्हार बाळासो पुकळे

साक्षीदार:
१. नाथाजी, टोळीतला जोडीदार (सही करताना म्हणाला, "कात्रीचं वैनीस्नी सांगून ठेव.")
२. अंजनाबाई, अंगणवाडी सेविका

ठिकाण: तासगाव
दिनांक: ६ डिसेंबर २०२५

खाली निळ्या खडूने काढलेला हात मायाचा आहे. ती साक्षीदार नाही, हे तिला समजावून सांगितले. तिने विचारले, "का? मी काय केलं?" मी सांगितले, काही नाही केलेस, तू फक्त लहान आहेस. हे तिला पटले. हात मात्र तिने काढलाच.