मूळ गाव वाई सांगितल्याच्या शिक्षेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, श्री. शरदचंद्र टिपणीस,
मैनतीर मराठी मंडळ, फ्रँकफर्ट

विषय : कु. क्षितिजा कोजो मेन्सा हिला मोठ्या गटातून काढून पहिली-दुसरीत बसवल्याबाबत.
संदर्भ : मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग, दि. १० ऑगस्ट २००८.

महोदय,

अर्जदार देवश्री मेन्सा मंडळाच्या सभासद असून त्यांचे माहेर वाईचे, पती कोजो घानाचे. गेल्या वर्षी गणपतीचे मखर कोजो यांनीच उभे केले. तेव्हा त्यांचे गाव कोणी विचारले नव्हते.

वर्गाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने नाव व गाव सांगण्याचा आपला प्रघात आहे. आपला नातू चि. उत्कर्ष याने कोल्हापूर सांगितले. त्याचा जन्म इथलाच, कोल्हापूर त्याने एकदाच पाहिले; तरी टाळ्या पडल्या. क्षितिजाने वाई सांगितले. शिक्षिका सौ. कुंदाताईंनी "खरं गाव सांग" असे दरडावले. तिने पुन्हा वाईच सांगितले, कारण तिला दुसरे गाव माहीत नाही. यास उलट उत्तर ठरवून तिची रवानगी लहान गटात झाली.

नियमाप्रमाणे गट जर्मन शाळेतील इयत्तेवरून ठरतो. क्षितिजा चौथीत आहे. तिचे गुडघे लहान गटाच्या टेबलाखाली मावत नाहीत. त्याच दिवशी चि. उत्कर्षने कुंदाताईंच्या चपला कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तो खोडकर ठरला, ही उद्धट. हा फरक कातडीवरून होत असल्यास तसे फलकावर लिहावे.

अर्जदारांनी फोन केला असता "ताई, मनावर घेऊ नका, त्या मुलांना जरा शिस्त लागतेच," असे आपण म्हणालात. ती मुले म्हणजे कोणती, हे लेखी कळवावे.

गेल्या रविवारी कुंदाताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. लहान खुर्चीला कंटाळलेल्या मुलीने "आफ्रिका" म्हटले. आफ्रिका तिने पाहिलेलीही नाही. शाबासकी, सोनेरी चांदणी आणि मोठा गट, सारे लगेच मिळाले. संध्याकाळी वाईहून आजीचा फोन आला, तेव्हा क्षितिजा आतल्या खोलीत जाऊन बसली. मी काय बोलले ते आजीला सांगू नकोस, एवढेच ती आईला जर्मनमध्ये म्हणाली. अर्जदारांना याचा फार संताप आहे.

सबब, खोटे बोलून मिळालेला गट नको. कुंदाताईंनी त्याच मुलांसमोर तिला पुन्हा गाव विचारावे आणि मिळेल ते उत्तर ऐकून घ्यावे. तोवर ती येणार नाही. यंदा मखराला माणूस लागल्यास कोल्हापूरहून मागवावा.

नम्र म्हणवत नाही, म्हणून नुसतीच आपली,
देवश्री मेन्सा
फ्रँकफर्ट, २६ ऑगस्ट २००८

सोबत : सोनेरी चांदणी, परत.