खांदा बरा होईपर्यंत

७ जानेवारी

शर्ट घालताना चक्क किंचाळलो! ही स्वयंपाकघरातून धावत आली. उजवी बाही अर्ध्यावर अडकलेली, मी वाकडा. शेवटी हिनंच माझा हात बाहीत सरकवला, बालवाडीतल्या पोराचा सरकवतात तसा. डॉक्टर म्हणतात खांदा आखडलाय. कशानं? कशानंही नाही म्हणे. होतं कधीकधी या वयात.

१० जानेवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढी, पण दरारा हेडमास्तरणीचा. कोनमापक लावून हात किती वर जातो ते पाहिलं. काटकोनसुद्धा होत नाही! जन्मभर कचेरीत नकाशे काढले, कोन मोजले, आता माझाच मोजतात.

आधी शेक. मग टेबलाशी वाकून हात नुसता लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. मग भिंतीवर बोटांनी चढत जायचं, पोचू तिथे पेन्सिलीची खूण. पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा. "सोसेल तेवढंच काका, पण रोज. आणि खांदा कानाला भेटायला नेऊ नका, हात वर न्या!"

घरी येऊन दादाला सांगितलं. थोरला भाऊ माझा, फुफ्फुसं थकलेली, नाकात ऑक्सिजनची नळी, तरी हसला. "जन्मभर कुठलंही काम आलं की हात वर केलेस, आणि आता म्हणतोस वर होत नाही?"

११ जानेवारी

भिंतीवर चढलो. छातीपर्यंत. ओरडलो. पलीकडच्या खोलीतून दादा — "मेलास का जगलास?"

२ फेब्रुवारी

खूण वीतभर वर सरकली. बाई खूश. दादाला सांगायला गेलो तर म्हणाला, "लवकर बरा कर. मला न्यायचं तेव्हा पुढे तुझाच उजवा खांदा पाहिजे. डावखुरा खांदा चालायचा नाही." ही चिडली, "दादा, भलतंसलतं बोलू नका हं!" तो कसला ऐकतो! "अगं, घाई नाही. याचा खांदा बरा होईपर्यंत मी जागचा हलत नाही. शब्द दिला."

दादानं दिलेला शब्द कधी मोडलेला आठवत नाही. ट्रकवर होता तेव्हाही, येतो म्हणाला की यायचाच.

२६ फेब्रुवारी

छातीचे डॉक्टर घरी येऊन गेले. मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, "आता हॉस्पिटलचा त्रास देऊ नका त्यांना. घरीच ठेवा." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी भिंतीशी उभा राहिलो. हात डोक्याच्या वर गेला — सहज! आनंद व्हायला हवा होता. खूण न करताच हात खाली घेतला.

२७ फेब्रुवारी

व्यायाम केला नाही.

६ मार्च

नाही केला. खुळेपणा आहे, कळतंय मला. सुशिक्षित माणूस, मोजमापावर पोट भरलं! पण शब्द दिलाय ना त्यानं? मग राहू दे आखडलेला. तेवढाच दादा राहील.

१७ मार्च

बाईंनी मोजलं, कपाळाला आठ्या. "काका, मागे कसे गेलात? रोज करताय ना?" करतो म्हटलं. धडधडीत खोटं. "मग मलाच पद्धत बदलायला हवी," म्हणाली बिचारी. फार वाईट वाटलं.

२१ मार्च

दादानं हाक मारली. बोलताना मध्ये थांबावं लागतं त्याला. "तुझं ओरडणं ऐकू येत नाही हल्ली. चुकवतोयस ना?"

डोळे भरून आले, त्याला सगळं कळलंच. मला वाटलं, रागावेल.

"गाढवा, माझं जाणं तुझ्या खांद्यावर का टांगून ठेवतोस? बरा झालास तरी जाणार, नाही झालास तरी जाणार. फक्त वाकडं धरू नकोस. घसरून पडलो तर लोक हसतील!"

मग दोघंही हसलो. हसता हसता त्याला खोकला आला, मी पाठ चोळत राहिलो. डाव्या हातानं. उजवा पोचेना.

२२ मार्च

आजपासून व्यायाम दादाच्या खोलीत, त्याच्या समोरच्या भिंतीवर. तसा हुकूमच आहे. "खांदा कानाला लागला! खाली घे!" बाई परवडली!

बाईंना फोन करून खरं सांगितलं. म्हणाली, "काका, खांदा पळत नाही कुठे. दादांजवळ बसा, आणि तिथेच करा."

१९ एप्रिल

दादाच्या भिंतीवर पेन्सिलीची शिडी झालीय. ही म्हणते रंगवून घेऊ. खबरदार, म्हटलं!

१४ मे

आता त्याच्यानं बोलवत नाही. चुकलो की एक बोट उचलतो, बरोबर असलं की पापण्या मिटतो. आज बराच वेळ पापण्याच मिटल्या होत्या. घाबरून जवळ गेलो, तर डोळा मारला! या वयात, या अवस्थेत! मी तिथेच त्याच्या पायाशी बसून रडलो. त्यानं रडू दिलं.

३ जून

दादाच्या खोलीतल्या कपाटावरची जुनी पेटी काढली. उजव्या हातानं, टाच न उचलता. वळून पाहिलं. दादा बघत होता. पापण्या मिटल्या, उघडल्या.

९ जून

सकाळी गेला, चहाच्या आधी.

पुढे माझाच उजवा खांदा होता. लोक विचारत होते, झेपेल का, बदली देऊ का? नको म्हटलं. हात वर गेला, तिरडीचा बांबू धरला, शेवटपर्यंत सरळ राहिला. एकदाही दुखला नाही.

लेका खांद्या, आज तरी दुखायचंस!